खुनी सापडला, तर दुपारी कुठे जाल?

"ताई, एका चुकीने नाव गेलं. ते परत कसं मिळवू?" मी समुपदेशक आहे. कॅशमध्ये तूट आलेले कॅशियर मला हे विचारतात, औषधाच्या डोसात गफलत झालेल्या नर्सही विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर तयार असतं: असं काही मोठं करून दाखवायचं, की लोक ती चूक विसरूनच जातील. त्या उत्तराबद्दल मला एका वार्ताहराचा अनुभव सांगायचा आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी त्यांच्या पत्नी आल्या. पर्समधून घडी केलेलं कालनिर्णयचं पान काढून त्यांनी माझ्यासमोर पसरलं. "यात मी दुधाचे खाडे लिहिते. आता जागाच राहिली नाही बघा." चौकटीचौकटीत निळ्या बॉलपेनने मुंगीएवढ्या अक्षरांत वेळा भरल्या होत्या: ४.१० शेजारीण, ४.३५ लाइट गेली, ६.०५ कुत्रं. चंद्रोदयाच्या वेळेवरूनही पेन फिरलेलं. "हे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागे असतात. नोकरी गेली, त्याचं दुःख मी समजू शकते. पण हे काय चाललंय?"

पुढच्या आठवड्यात ते स्वतः आले. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. क्राइम बीटवर अठरा वर्षं. गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या आजींचा घरात खून झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एकाला ताब्यात घेतलं. रात्री उशिरा पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, "कबूल झालाय, लिहून टाका." डेस्क पान थांबवून बसलं होतं. भाऊंनी नाव, गल्ली आणि फोटोसकट बातमी दिली. पान एक, बाइलाइनने, म्हणजे त्यांच्या नावासकट. चौथ्या दिवशी तो माणूस सुटला, कारण त्या संध्याकाळी तो बहिणीच्या गावी होता. पेपरने आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा छापला आणि भाऊंना घरी बसवलं.

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला पाठ होतं," ते म्हणाले. "१८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५. आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. अशी कबुली पुरावा असल्यासारखी मिरवू नका, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात माध्यमांना बजावलंय. नव्या पोरांना मीच शिकवायचो हे." मग त्यांनी मुंबईतले पत्रकार ज्योतिर्मय डे यांचा विषय काढला. २०११ मध्ये पवईत डे यांची हत्या झाली आणि त्या प्रकरणात जिग्ना व्होरा या क्राइम रिपोर्टरलाच अटक झाली. २०१८ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. "अटक झाली तेव्हा मीही रकानेच्या रकाने भरले होते. सुटल्या तेव्हा किती ओळी लिहिल्या, ते विचारू नका."

तर हे भाऊ आठ महिने त्या खुनाचा तपास स्वतःच करत होते. "खुनी सापडला की सगळं फिटेल, ताई."

अशा वेळी 'सोडून द्या हो' म्हणण्यात अर्थ नसतो. अपुरं राहिलेलं काम मनात रेंगाळतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच प्रयोगांतून मांडलं होतं. आणि इथे तर त्या कामाला एका मृत बाईचा चेहरा होता. भाऊ त्या घरात गेले होते. गॅसवर दुधाचं पातेलं करपलेलं. भिंतीवर कालनिर्णय, त्यात आजींनी दुधाच्या खुणा केलेल्या. अकरा तारखेपर्यंत. पुढच्या चौकटी कोऱ्या.

हे सांगताना त्यांनी पहिल्यांदा डोळे पुसले. घरच्या चौकटी ते का भरत होते, ते मला तेव्हा उमगलं.

करपलेल्या दुधाचा वास अजून येतो, दचकून जाग येते, असं त्यांनी सांगितल्यावर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गुन्ह्याच्या जागा वर्षानुवर्षं पाहणाऱ्याच्या मनावर जखम होऊ शकते, तिच्यावर नुसतं बोलणं दर वेळी पुरत नाही. काही महिने गोळ्या चालल्या, झोप लागू लागली. पत्नीला मी टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर लिहून दिला. रात्री त्यांना एकटीला सावरणं अवघड जाई.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "भाऊ, धरून चाला, खुनी सापडला. सकाळी पेपरात आलं, तुमच्या नावानिशी. त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे जाल?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाजारात जाईन. पण मार्केट यार्डाच्या मागून."

"मागून का?"

"पुढच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे."

आठ महिने ते रोज दीड किलोमीटरचा वळसा घेत होते. खुनी सापडल्यावरही तो वळसा तसाच राहणार होता, आणि हे त्यांच्याच तोंडून आलं.

'माझ्या हातून वाईट झालं' आणि 'मीच वाईट' ही दोन वाक्यं आम्हा समुपदेशकांना वेगळी ऐकावी लागतात. पहिल्यातली टोचणी माणसाला भरपाईकडे नेते. दुसऱ्यातली लाज त्याला लपायला लावते. तपास हे भाऊंचं लपणं होतं, असं माझं मत झालं. त्या आजींविषयीचा कळवळा खरा होता, तरीही. कादंबरीतला बदनाम वार्ताहर खुनी पकडतो आणि त्याची अब्रू परत येते. पण भाऊंनी ज्याचं नाव घालवलं, तो माणूस त्या कथेत कुठेच नव्हता.

मग तपासाचं काय? त्यांच्या वहीत कामाच्या दोनच गोष्टी निघाल्या. त्या नीट लिहून तपास अधिकाऱ्यांना दिल्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेतली. वहीला रोज संध्याकाळी अर्धा तास, त्यानंतर ती कपाटात. सुरुवातीला हे पाळलं गेलं नाही. एकदा पत्नीने कपाटाची किल्ली माहेरी नेली, त्यावरून भांडणही झालं. वहीवर लक्ष ठेवायची जबाबदारी मी पत्नीवर टाकायला नको होती.

मोटारी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला माफीचं पत्र लिहायला महिना गेला. पहिल्या खर्ड्यात तीन वेळा 'पण' होतं: पण पोलिसांनी सांगितलं, पण डेस्कची घाई होती. एकेक 'पण' खोडला. 'मला माफ करा' हेही काढलं, कारण ज्याचं नुकसान झालं, त्याच्यावरच पुन्हा काहीतरी द्यायची वेळ येते. उरलं ते एवढंच: मी काय छापलं, ते कसं चुकीचं होतं, आणि आता मी काय करू शकतो, ते तुम्ही सांगा. थेट दारात जायचं नाही, असंही ठरलं. दोघांच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी आधी विचारलं. तो 'नको' म्हणाला. तो त्याचा हक्क होता. भाऊ आठवडाभर खचले, पण वळसा मात्र त्याच आठवड्यात बंद केला.

दीड महिन्याने त्या माणसाचाच निरोप आला. भेट नको होती. नेटवर ती बातमी अजून दिसते, पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी पुन्हा टाकली, तिचं काय ते करा. माफीपेक्षा त्याला हे हवं होतं, आणि आम्हा दोघांच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. ज्या ऑफिसने काढून टाकलं, तिथे भाऊ पाच वेळा गेले, लेखी अर्ज दिले. शेवटी जुन्या बातमीच्या माथ्यावर ठळक खुलासा चढला, नाव आणि फोटो निघाले. त्या ग्रुपवर भाऊंनी स्वतःच्या नावाने लिहिलं, की ती बातमी माझी होती आणि ती खोटी ठरली.

खून अजून उघडकीला आलेला नाही. भाऊ आता एका सहकारी पतसंस्थेत कारकुनी करतात. खुलाशाची प्रिंट घेऊन ते त्या दुकानात गेले, तेव्हा तो माणूस मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "ठेवा तिथं." भाऊंनी ती काउंटरवर ठेवली, पंख्याने उडू नये म्हणून वर एक बेअरिंग ठेवलं आणि पुढच्या रस्त्याने घरी आले.