बाळाने अंगावर पिणे एकाएकी सोडले तर

प्रश्न : माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. आखाजीसाठी (अक्षय्य तृतीयेसाठी) मी यावल तालुक्यातील माहेरी आले आणि थोड्याच दिवसांत त्याने अंगावर पिणे सोडले. जवळ घेतले की दोन घोट घेतो, पाठीची कमान करतो आणि तोंड फिरवून रडतो. रात्री झोपेत मात्र पितो. प्रवासात आणि पाहुण्यांच्या गर्दीत त्याला काही वेळा बाटलीने दूध दिले होते. आई आणि मावशी म्हणतात, ‘त्यानेच सोडलं, बरं झालं, आता मागे लागू नको.’ त्याला खरोखरच माझे दूध नकोसे झाले आहे का?

उत्तर : आपल्या मनाने दूध सोडणारे मूल असे एका दिवसात सोडत नाही. आधी दुपारचे पिणे सुटते, मग संध्याकाळचे, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झोपतानाचे शेवटचे पिणेही सुटते. वर्षाच्या आत तर असे आपणहून सुटणे क्वचितच घडते. तुमच्या बाळाने एकाएकी तोंड फिरवले आहे आणि झोपेत ते अजूनही पिते, त्याअर्थी त्याची काही तरी तक्रार आहे. ती दूर झाली की बहुतेक मुले काही दिवसांत पुन्हा पिऊ लागतात. आई-मावशींचे म्हणणे मायेपोटीच आहे, पण ते आत्ता मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम बाळाचे तोंड उजेडात नीट पाहावे. हिरड्या सुजल्या असतील तर दात येत असावेत. जिभेवर किंवा गालांच्या आतून पांढरे चट्टे दिसत असून ते ओल्या फडक्याने पुसले जात नसतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला डॉक्टरांचे औषध लागते. नाक चोंदले असेल तर पिताना श्वास घेता येत नाही, आणि ठरावीक कुशीवर घेतल्यावरच बाळ रडत असेल तर कान दुखत असण्याची शक्यता असते. नजर काढायची असेल तर जरूर काढावी, परंतु त्यापायी तपासणी लांबवू नये.

तोंड, नाक, कान ठीक असतील, तर कारण बहुधा भोवतालीच सापडेल. आखाजीचे माहेर म्हणजे झोका, गाणी, बहिणी-भाच्यांची वर्दळ आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरणारे बाळ. आठ महिन्यांच्या मुलाचे लक्ष एवढ्या गोंगाटात पिण्यावर ठरत नाही. नवा साबण किंवा अत्तर यांमुळे आईचा ओळखीचा वास बदलला, तरी काही बाळे बिचकतात. बाळ चावले आणि तुम्ही दचकून ओरडला असाल, तर तेही कारण पुरते. बाटलीतून दूध विनासायास मिळते, अंगावर मात्र पान्हा फुटेपर्यंत ओढावे लागते, आणि हा फरक बाळाच्या लगेच ध्यानात येतो. पाळी पुन्हा सुरू झाली आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हेही डॉक्टरांना सांगावे, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते.

बाळाला बळजबरीने छातीशी दाबू नये. त्याने नकार पक्का होतो. अंधाऱ्या, शांत खोलीत, बाळ अर्धवट झोपेत असताना जवळ घ्यावे, आणि एरवीही पाजण्याचा आग्रह न धरता त्याला उघड्या अंगाने छातीवर निजवावे. बाळ जितक्या वेळा पीत असे, साधारण तितक्या वेळा दूध हाताने काढावे, नाही तर गाठी होतात आणि दूधही आटू लागते. काढलेले दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) पाजावे. खोलीत चार तास दूध टिकते हा हिशेब 25 अंशांपर्यंतच्या तापमानाचा आहे. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून दूध लगेच पाजावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. तेथे ते चार दिवस चालते.

भरडीची पेज, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेले केळे हे वरचे खाणे चालू ठेवावे (केळ्याला यावलमध्ये तोटा नसावा), पण वर्षाच्या आत दूध हाच मुख्य आहार असतो आणि त्याची जागा गाई-म्हशीच्या दुधाने भरून काढू नये. चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील, तर पोटात पुरेसे जात आहे असे समजावे. सहा ते आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, ताप आला किंवा बाळ मलूल पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : मी धुळ्याची. माझी मुलगी चौदा महिन्यांची असून मला चौथा महिना चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने एकेक वेळचे दूध सोडत सगळेच सोडले. दोन वर्षे पाजायचे ठरवले होते, म्हणून मनाला लागून राहिले आहे.

उत्तर : हे खरे आपणहून सोडणे आहे. गरोदरपणात दूध कमी होते, त्याची चवही बदलते, आणि कित्येक मुले अशा वेळी दूध सोडतात. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे व पुढेही पाजण्याची शिफारस करते हे खरे. तरी चौदा महिन्यांत तुम्ही जे दिले ते वाया गेलेले नाही. काहींना स्तनाला कडुनिंब लावून मूल अंगावरून तोडावे लागते, तसे तुम्हाला करावे लागले नाही, हेही ध्यानात घ्यावे. आता दिवसाला दोन पेले उकळलेले दूध पेल्यानेच द्यावे. त्याहून फार अधिक दिल्यास मुले जेवत नाहीत आणि अंगातले रक्त कमी होते. डाळ, अंडे, हिरव्या भाज्या रोज असाव्यात, आणि आशाताईंकडून मिळणारे लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एकेक मिली, न चुकता पाजावे.