वाचकांचे प्रश्न: घटस्फोट झाला, पण लोनवर दोघांचं नाव तसंच

प्रश्न: आमचा म्युच्युअल कन्सेंटचा अर्ज दाखल झालाय. फ्लॅट दोघांच्या नावावर, होम लोन पण दोघांचं. नवरा म्हणतो फ्लॅट मी ठेवतो, हप्ते मीच भरतो, तसं कन्सेंट टर्म्समध्ये लिहू, तू फक्त हक्कसोड करून दे. सही करू का?

उत्तर: ताई, एवढ्यात नको. कन्सेंट टर्म्स म्हणजे तुमच्या दोघांमधला करार, त्यावर कोर्टाचा शिक्का बसला तरी बँक त्यात पार्टी नसते. बँकेच्या लेखी तुम्ही को-बॉरोअर (सहकर्जदार), म्हणजे त्याने सहा महिन्यांनी हप्ते थांबवले की बँक सरळ तुम्हाला फोन करणार, आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचाही खराब होणार. तेव्हा डिक्रीचा (घटस्फोटाच्या हुकमाचा) कागद दाखवून बँक ऐकत नाही. तुम्हाला फार तर त्याच्यामागे कोर्टात जाता येतं, पण तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त लोक इथेच अडकलेले असतात, आणि बहुतेकदा हक्कसोड आधी होते, लोनचं नंतर बघू म्हणतात. मग फ्लॅट गेलेला आणि कर्ज डोक्यावर! क्रम उलटा हवा. आधी त्याने बँकेत अर्ज करायचा, त्याच्या एकट्याच्या पगारावर उरलेलं लोन बसतंय का ते बँक बघेल, नसेल बसत तर दुसरा को-बॉरोअर आणावा, किंवा दुसऱ्या बँकेकडे एकट्याच्या नावाने लोन ट्रान्सफर करावं, यातलं काहीच जमत नसेल तर फ्लॅट विकून लोन फेडणं आणि उरलेलं वाटून घेणं हेच खरं. तुमचं नाव लोनमधून काढल्याचं बँकेचं लेखी पत्र हातात आलं की मग हक्कसोडपत्र, तेही रजिस्टर करून. तोंडी 'होऊन जाईल' वर विश्वास ठेवू नका, बँकेतला माणूस म्हणाला तरी.

आणि घाई कशाला? पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे कोर्टासमोर दोनदा संमती सांगायची त्या दोन वेळांमध्ये, सहा महिने असतात (2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते माफ करता येतात असं सांगितलंय, पण तुमच्यासारख्या केसमध्ये हा वेळ कामाचाच आहे). डिक्री होईपर्यंत संमती मागेही घेता येते, नवऱ्याला हे माहीत असेलच, म्हणून बोलणी करायची ताकद तुमची आत्ताच आहे, नंतर नाही.

प्रश्न: मुलीचा घटस्फोट चाललाय. जावई एकरकमी द्यायला तयार आहे पण नातीचा खर्च त्यातच धरा, पुढे काही मागणार नाही असं लिहून द्या म्हणतो.

उत्तर: काका, मुलीने स्वतःची पोटगी एकरकमी घेऊन पुढचा हक्क सोडणं वेगळं, पण नातीचा हक्क नातीचा आहे, तो आईला परस्पर सोडून देता येत नाही, उद्या शिक्षणाचा खर्च वाढला तर कोर्ट पुन्हा दार उघडू शकतं. त्यामुळे नातीची रक्कम वेगळी लिहा, फी आणि आजारपण कोण बघणार तेही लिहा. जावयाचा खरा पगार किती याची शंका असेल तर पोटगीच्या केसमध्ये दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं, 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून. खोटं लिहिलं की महागात पडतं. शिवाय टॅक्सचं वकील सहसा सांगत नाहीत म्हणून सांगते, दरमहा मिळणारी पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, एकरकमी रक्कम साधारणपणे धरली जात नाही.

मुलीचे दागिने सासरी असतील तर ते स्त्रीधन, पोटगीच्या हिशोबात ते घालू देऊ नका. यादी आत्ताच करा, फोटो शोधा.

प्रश्न: घटस्फोट होऊन बराच काळ झाला. पीएफ आणि विम्यात नॉमिनी अजून आधीची बायकोच आहे. आपोआप रद्द होतं ना?

उत्तर: नाही होत. घटस्फोटाने ती वारस राहत नाही, पण फॉर्मवरचं नाव कोणी येऊन खोडत नाही, त्यामुळे नंतर घरच्यांनाच भांडावं लागतं. बँक, विमा, म्युच्युअल फंड, पीएफ, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरा. आणि जुनं मृत्युपत्र असेल तर तेही आपल्याकडे घटस्फोटामुळे रद्द होत नाही, नवीन करून टाका.