वाचक विचारतात : रेडिओवरची गाणी ठरतात कशी?

प्रश्न : आजोबा सांगायचे, आकाशवाणीवर सिनेमाची गाणी लागत नव्हती म्हणून सगळे सिलोन लावायचे. सरकारने खरंच बंदी घातली होती का? (निपाणी)

उत्तर : सरळ बंदी नव्हती, पण परिणाम तोच झाला. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर सिनेगीतांचा वाटा घटवला गेला, गाणी पारखून घेतली जाऊ लागली आणि चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही थांबले. मग निर्मात्यांनीच गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले.

नेमक्या त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ ही सिनेगीतांची मालिका सुरू झाली. कोलंबोचे प्रक्षेपण लघुलहरींवर होते. या लहरी आकाशातल्या आयनांबरातून (उंचावरच्या विद्युतभारित थरातून) परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात, त्यामुळे निपाणीला जवळचे केंद्र नसले तरी अडत नव्हते. त्रास एकच, आवाज चढायचा आणि विरायचा. एकच लहर वेगवेगळ्या वाटांनी येते आणि त्या वाटा कधी एकमेकींना पूरक ठरतात, कधी मारक. खोलीभर ताणलेल्या तांब्याच्या जाळीदार एरियलने आवाज मोठा व्हायचा, पण हे चढणे-विरणे थांबायचे नाही.

आकाशवाणीने रिकामी जागा स्वतःच्या सुगम संगीताने भरली. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झालेले ५६ गीतांचे गीतरामायण हे त्याच काळाचे देणे. केसकरांचे धोरण श्रोत्यांना न विचारता लादले गेले, ही त्यातली चूक. पण मराठी भावगीताला त्या वर्षांत जी हक्काची वेळ मिळाली ती नंतर पुन्हा मिळाली नाही. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेगीते आकाशवाणीवर परतली. गीतमाला विविध भारतीवर यायला मात्र १९८९ उजाडले.

प्रश्न : आमच्याकडे आकाशवाणीवरून टेप केलेली जुनी गाणी आहेत. तारीख लिहिलेली नाही. साल कसे ओळखावे? (खानापूर)

उत्तर : आधी साथ ऐका. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, मज्जाव होता. पेटीचे सूर ठरावीक, त्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म अंतरांचे, बारकावे हरवतात, हा आक्षेप. १९७१ मध्ये साथीपुरती परवानगी मिळाली. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० चे, म्हणजे त्याची पहिली वीसेक वर्षे पेटीविना गेली. तेव्हा स्टुडिओतल्या ख्यालाला पेटीची साथ असेल तर ते गाणे बहुधा १९७१ नंतरचे. उलट अनुमान काढू नका : सारंगीची साथ नंतरही चालूच होती. मध्येच टाळ्या ऐकू आल्या तर मैफल बाहेरची असू शकते, तिथे ही खूण लावू नये.

या मज्जावाचा फटका नाट्यसंगीतालाही बसला. नाट्यपदे ऑर्गन-पेटीवरच वाढलेली.

टेप वाजवण्यापूर्वी फीत सैल असेल तर पेन्सिलीने चाक फिरवून ताणून घ्या आणि पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवा. दोन गाण्यांमधली उद्घोषणा कापू नका. केंद्राचे नाव, सभा (सकाळचे, दुपारचे की रात्रीचे प्रसारण) आणि वेळ तिथेच सापडते.

प्रश्न : सांगली केंद्र दुपारी स्वच्छ ऐकू यायचे, रात्री त्यात दुसरीच भाषा मिसळायची. धारवाडचे तसे का होत नसे? (बेळगाव)

उत्तर : सांगली १२५१ किलोहर्ट्झ, २० किलोवॉट, बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. धारवाड ७६५ किलोहर्ट्झ, २०० किलोवॉट आणि अंतर जेमतेम ७० किलोमीटर. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून फक्त जमिनीलगत येणारी लहर पोहोचते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच आकड्यावरची दूरची केंद्रे वरून उतरतात. धारवाडच्या ताकदीपुढे ती दबतात, सांगलीला झाकतात. १९६३ पासून मराठी भावगीते-नाट्यगीते देणारे केंद्र रात्रीच्या सभेत असे हातचे जायचे.

उपाय थोडाच. संचात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते. तिच्या बाजूने आलेली लहर जास्तीत जास्त पकडली जाते, टोकाच्या दिशेने आलेली जवळपास नाही. सांगली बेळगावच्या उत्तरेला, म्हणून कांडी पूर्व-पश्चिम ठेवा, मग नको असलेला आवाज कमी होईपर्यंत संच थोडा थोडा फिरवा. सतत गुरगुर येत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर एकेक करून बंद करून पाहा.

प्रश्न : खासगी एफएमवर तीच ती गाणी का? (चिकोडी)

उत्तर : केंद्र गाण्यांचे गट पाडते आणि तासाचा आराखडा ठरवते. समजा ताज्या गाण्यांच्या गटात ८ गाणी आहेत आणि तासाला ३ लावायची, तर तेच गाणे पावणेतीन तासांच्या आत परत येते. ९ ठेवली तर दर तीन तासांनी घड्याळाच्या त्याच ठिकाणी येते आणि ठरल्या वेळी रेडिओ लावणाऱ्याला लगेच खटकते, म्हणून तासाच्या संख्येने निःशेष भाग न जाणारा आकडा निवडतात. गट लहान ठेवण्यामागे जाहिरात आहे : थोडा वेळ रेडिओ लावणाऱ्यालाही चलतीचे गाणे सापडले पाहिजे. भावगीत, अभंग किंवा नाट्यपद हवे असेल तर सामुदायिक रेडिओला (स्थानिक संस्था चालवतात त्या छोट्या केंद्राला) पत्र लिहा. तिथे निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक निर्मितीचा असावा, असा नियमच आहे. गावातल्या भजनी मंडळाचे चांगले ध्वनिमुद्रण सोबत पाठवलेत तर आणखी बरे.