‘टेड क्रूझसारखं व्हायचंय’ म्हणतो, काय करू?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या डिबेट टीममध्ये. जन्म पुण्याचा, गेल्या वर्षी आम्हाला आणि त्याला इथलं नागरिकत्व मिळालं. सिनेटर टेड क्रूझ यांची भाषणं तो रोज ऐकतो आणि त्यांच्यासारखं वकील होऊन सिनेटमध्ये जायचं म्हणतो. ह्यांचं म्हणणं, कम्प्युटर सायन्स कर. पुण्याचा मामा म्हणतो, आयएलएस लॉ कॉलेजमधून पाच वर्षांचं लॉ कर, मग तिकडे एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी). क्रूझ यांचे विचार आम्हाला पटत नाहीत, ते आणखी वेगळंच. – एक आई

उत्तर: ताई, विचारांवर जेवताना खुशाल भांडा, या वयातली मतं अजून दोनदा तरी बदलतील. करिअर म्हणून त्याने उदाहरण चांगलं निवडलंय. फक्त त्यातलं कानावर पडतं तेवढंच उचललंय, म्हणजे भाषण.

वक्तृत्व क्रूझ यांच्याकडे शाळेपासून आहेच. ह्यूस्टनमधल्या मुलांच्या एका गटात ते होते. ही मुलं राज्यघटनेचं संक्षिप्त रूप पाठ करून रोटरी क्लबसारख्या ठिकाणी श्रोत्यांसमोर लिहून दाखवायची. पुढे प्रिन्स्टनला असताना, 1992 मध्ये, राष्ट्रीय डिबेट स्पर्धेत ते सर्वोत्तम वक्ते ठरले. पण असे वक्ते दरवर्षी निघतात आणि बहुतेकांचं नाव पुढे कुणी ऐकत नाही.

खरी मेहनत त्यानंतरची आहे. 1995 मध्ये हार्वर्डची कायद्याची पदवी, मग दोन वर्षं क्लार्कशिप, म्हणजे न्यायमूर्तींच्या हाताखाली सहायक: आधी अपील कोर्टाचे न्यायमूर्ती लुटिग, नंतर सरन्यायाधीश रेन्क्विस्ट. म्हणजे दिवसभर याचिका वाचायच्या, टिपणं काढायची, मसुदे घासायचे. टाळ्या नाहीत, कॅमेरा नाही. सर्वोच्च न्यायालयात अशा जागा वर्षाला साधारण चाळीसच्या आत असतात, आणि पुढचे बरेच दरवाजे तिथूनच उघडतात. फेडरलिस्ट सोसायटी ही कॉन्झर्व्हेटिव्ह वकिलांची संघटना 1982 मध्ये लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनीच सुरू केली. या वर्तुळातल्या ओळखी तिथे विद्यार्थिदशेपासून होतात. (ओळखी पुण्यातही लागतातच म्हणा.)

2000 मध्ये ते जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात होते, फ्लोरिडातल्या मतांच्या फेरमोजणीच्या कोर्टकचेरीतही होते. तरी मनासारखं मोठं पद मिळालं नाही. मग 2003 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, टेक्सासचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी त्यांना राज्याचे सॉलिसिटर जनरल नेमलं. राज्याच्या वतीने अपिलं लढवणारा हा मुख्य वकील.

इथला एक खटला मुलाला जरूर वाचायला द्या: मेदेयिन विरुद्ध टेक्सास. होसे मेदेयिन हा टेक्सासमध्ये फाशीची शिक्षा झालेला मेक्सिकन नागरिक. अटकेनंतर आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा त्याचा हक्क त्याला सांगितलाच गेला नव्हता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अशा खटल्यांचा फेरविचार करा म्हटलं, आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी राज्यांच्या कोर्टांनी ते पाळावं असा आदेश काढला. ज्यांच्या प्रचारात राबले त्याच बुश यांच्या सरकारविरुद्ध, आणि हेगच्या निकालाविरुद्धही, क्रूझ उभे राहिले. राष्ट्राध्यक्षाला राज्याच्या कोर्टाला असा हुकूम देता येत नाही, हा मुद्दा त्यांनी धरून ठेवला. मार्च 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, 6 विरुद्ध 3, टेक्सासच्या बाजूने. निकाल मला स्वतःला रुचत नाही, पण वकिली अव्वल आहे.

2012 पर्यंत ते एकही निवडणूक जिंकलेले नव्हते. त्या वर्षी सिनेटच्या उमेदवारीसाठी रिपब्लिकन पक्षांतर्गत मतदानाच्या पहिल्या फेरीत ते लेफ्टनंट गव्हर्नर ड्यूहर्स्ट यांच्या मागे दुसरे आले. कुणालाच निम्मी मतं न मिळाल्याने 31 जुलैला पुन्हा मतदान झालं. भर उन्हाळ्यात, अवाढव्य टेक्सासात, जेमतेम 11 लाख मतं पडली. त्यातली सुमारे 57 टक्के क्रूझ यांना. 1994 नंतर राज्यभराच्या निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट जिंकलेला नाही, त्यामुळे नोव्हेंबरची लढत नावापुरतीच होती. तेव्हा तयारी बारा-पंधरा वर्षांची, पण दार उघडलं ते नशिबाने. नशिबाची योजना आखता येत नाही, वकिलीची येते. सिनेट हुकलं तरी अपिलांचा वकील उपाशी राहत नाही.

आता तुमचं. मामांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण या वाटेला उपयोगाचा नाही. भारतातली पदवी आणि तिकडचं एलएल.एम. यावर न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा देता येते. फेडरल न्यायमूर्तींकडे क्लार्कशिप मात्र जवळपास अशक्य. त्याला तिथलीच जे.डी. ही कायद्याची पदवी हवी. ती तीन वर्षांची, चार वर्षांच्या कोणत्याही पदवीनंतर. म्हणजे त्याच्या बाबांचं कम्प्युटर सायन्सही चालेल, फक्त गुण घसरू देऊ नका, कारण लॉ स्कूल पदवीचे गुण आणि एलसॅट ही प्रवेशपरीक्षा दोन्ही बघतं. मोठ्या खासगी लॉ स्कूलचा राहण्या-खाण्यासकट खर्च तीन वर्षांत तीन लाख डॉलरच्या पुढे जातो. पदवीला टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात घाला, पैसे पुढच्यासाठी वाचवा.

जन्म पुण्याचा म्हणून सिनेट अडत नाही: वय 30, नऊ वर्षांचं नागरिकत्व आणि त्या राज्यात वास्तव्य, एवढंच लागतं. व्हाइट हाउस मात्र बंद, कारण राष्ट्राध्यक्ष जन्मतःच नागरिक असावा लागतो. क्रूझही कॅनडात, कॅलगरीला जन्मले, पण आई अमेरिकन, म्हणून 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहू शकले.

मेदेयिन खटल्याच्या युक्तिवादाचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ऐकायला मिळतं. ते त्याला पूर्ण ऐकू दे आणि मग मेदेयिनच्या बाजूने, म्हणजे क्रूझ यांच्या विरोधात, दोन पानं लिहू दे. ती मला पाठवा. कॉलेजांची यादी ती वाचल्यावर करू.