गोव्यात भाताचा उतारा वाढला, तरी शेते पडीक का?

तुमचा प्रश्न : सुधारित बियाणे, यंत्रे, अनुदान सगळे असूनही गोव्यातली भातशेती का आटली, आणि पडीक खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) पुन्हा लागवडीखाली येईल का?

हेक्टरी उतारा वाढला हे खरेच. खाऱ्या पाण्यात तग धरणारे कोरगुट हे स्थानिक भात हेक्टरी दीड-दोन टनांपलीकडे क्वचित जाते. ‘जया’, ‘ज्योती’ या सुधारित जाती चांगल्या शेतात चार टनांपर्यंत देतात. घटले ते क्षेत्र. मोरडावरचे, म्हणजे उंचावरच्या जमिनीतले, भात आधी सुटले. आज काजूखाली भातापेक्षा कितीतरी जास्त जमीन आहे. साळावली, तिळारी धरणांचे पाणी पोचते तिथे वायंगण (हिवाळी भात) टिकले. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना बंद पडल्यावर उसाचेही क्षेत्र घटले.

खाजनाचे दुखणे मात्र बियाण्यात नाही, बांधात आहे. पूर्वी बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे दार) सांभाळायची जबाबदारी कोमुनिदाद (गावकरी संस्था) आणि बावस (खाजन शेतकऱ्यांचे संघ) यांच्याकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती हळूहळू कुळांच्या संघाकडे आली. कुळाला हक्क मिळाला ते योग्यच झाले, पण बांधाला रोज पाहणारा माणूस उरला नाही. बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. खेकड्याने पाडलेले बोटभर भोक वेळीच बुजवले नाही, तर उधाणाच्या एका भरतीत तिथे भगदाड पडते.

मानशीचे दार भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. मासळीसाठी ते भरतीला मुद्दाम उघडे ठेवले की खारे पाणी आत शिरते. मासळीचा लिलाव घेणारा एक, भात लावणारा दुसरा, अशी गावे मी सगळ्यात धोक्याची मानतो. लिलावाच्या अटीत ‘सरदच्या (पावसाळी भाताच्या) हंगामात दार उघडायचे नाही’ हे लिहून घ्याच.

पडीक खाजन सुधारताना बांधापासून सुरुवात करा. पुनवेच्या किंवा अमावास्येच्या भरतीला बांधावरून चालत जा. पाझर तेव्हाच दिसतो. आत खारफुटी उगवली असेल तर परवानगीशिवाय कोयता लावू नका, कायद्याचा मोठा अडथळा तिथेच आहे.

उन्हाळ्यात जमिनीतला ओलावा वर चढतो आणि मीठ पृष्ठभागावर आणतो. म्हणून कापणी झाल्यावर ओल असतानाच नांगरट करा. ढेकळे उघडी राहिली की ही चढण तुटते. जूनच्या पावसात शेत भरू द्या आणि ओहोटीला मानशीतून पाणी सोडा. हे तीन-चार वेळा केले की बराच क्षार धुऊन जातो. मग मातीची विद्युतवाहकता, म्हणजे क्षाराचे माप, तपासून घ्या. डेसीसायमन प्रति मीटरमध्ये ती ३ च्या वर गेली की भाताचा उतारा पडू लागतो. तशा शेतात ‘ज्योती’ लावू नका. कोरगुट किंवा जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या क्षार सहन करणाऱ्या ‘गोवा धान’ जाती घ्या. खाजनाची माती बहुधा आंबट असते, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून जिप्सम टाकू नका. चुना लागतो की नाही हे मातीचा अहवाल सांगेल. युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्या, नाहीतर तो पाण्याबरोबर वाहून जातो.

यंत्राचे गणित वेगळे. लागवड यंत्राला चटईवरची १५ ते २० दिवसांची रोपे लागतात; त्याहून वाढलेली रोपे ते नीट लावत नाही. कापणी यंत्र चिखलात रुतते, म्हणून कापणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी काढा. मधली एक शेती पडीक असेल तर यंत्राला वाट नाही, उंदीर आणि तण मात्र शेजारच्या शेतात. मजूर मिळत नाही ही तक्रार खरी आहे, पण तुकड्या-तुकड्यांनी यंत्र परवडत नाही हे त्याहून खरे. म्हणून लागून असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकच जात, एकाच आठवड्यात लावावी, यावर माझा ठाम भर आहे. शेतमालक बाहेरगावी असेल तर लागवडीपुरता लेखी करार करा. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कुळाचा हक्क सांगेल, या भीतीनेच अनेक शेते पडीक आहेत.

पहिल्या वर्षी सगळे खाजन एकदम लावू नका. बांधापासून लांबचा, उंच बाजूचा भाग आधी घ्या. तिथे क्षार लवकर धुतला जातो.