वाचकांचे प्रश्न : पुण्याचा मिळकतकर आणि चाळीस टक्क्यांचा घोळ

प्रश्न : आम्ही २०२१ साली वारज्यात फ्लॅट घेतला आणि स्वतःच राहतो. पलीकडच्या जुन्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाच्या फ्लॅटला आमच्यापेक्षा कितीतरी कमी मिळकतकर येतो. असं का?

उत्तर : बहुधा तुमच्या बिलात ४० टक्के सवलत धरलेली नाही. घरमालक स्वतः राहत असेल तर वाजवी भाड्यात (घराला वर्षाला जेवढं भाडं येईल असं महापालिका कर काढताना धरते, त्यात) ४० टक्के सूट द्यायची, असा ठराव पुणे महापालिकेने १९७० साली केला. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने ही सवलत थांबवली. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना त्यामुळे पूर्ण दराने बिलं गेली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत आणली, पण नव्या घरांसाठी एक अट घातली: मी इथे स्वतः राहतो हे मालकाने पीटी-३ अर्ज भरून दाखवायचं. जुन्या आकारणीच्या ज्या घरांना सवलत चालूच आहे, त्यांना अर्जाची गरज नाही. तुमच्या शेजाऱ्यांना म्हणूनच काही करावं लागलं नाही.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. समजा वर्षाचं वाजवी भाडं ६०,००० रुपये धरलंय. देखभालीची १० टक्के वजावट (ही पूर्वी १५ टक्के मिळायची) गेली की उरले ५४,०००. त्यातून ४० टक्के गेले की ३२,४००. सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर हे सगळे या करयोग्य रकमेवर टक्केवारीने बसतात. म्हणजे सवलत नसली तर ३२,४०० ऐवजी ५४,००० वर कर, साधारण ६७ टक्के जादा. ‘चाळीसच टक्क्यांचा तर फरक’ असं समजून लोक अर्ज टाळतात, ते इथे फसतात.

प्रश्न : पीटी-३ दिला, तरी नवं बिल जुन्याच रकमेचं आलं. काय चुकलं असेल?

उत्तर : आधी सोबत जोडलेले कागद तपासा. सोसायटी असेल तर तिचं पत्र लागतं. शिवाय मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा रेशनकार्ड यांपैकी एक. पुणे शहरात तुमची दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. अर्जाचं शुल्क २५ रुपये.

अडतं ते नेहमी त्याच त्या ठिकाणी. सोसायटीचं पत्र ‘सदर सभासद आमच्या इमारतीत राहतात’ एवढंच म्हणतं. त्यात ना फ्लॅट नंबर, ना मिळकत क्रमांक, ना सचिवांची सही-शिक्का. किंवा परवान्यावर पत्ता अजून नारायण पेठेतला. किंवा, आणि हे नव्या इमारतींत फार होतं, बिलावर नाव बिल्डरचंच आहे. बिलावर ज्याचं नाव नाही त्याचा अर्ज पुढे सरकणार कसा? आधी इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) जोडून नावाची नोंद करून घ्या, मग पीटी-३ द्या. उलटा क्रम केलात तर दोन्हीकडे हेलपाटे.

सगळे कागद बरोबर असतील तर क्षेत्रीय कार्यालयात आपल्या भागाच्या पेठ निरीक्षकांना (मिळकतकराचं काम बघणाऱ्या निरीक्षकांना) भेटा आणि आवक क्रमांकाची पोच दाखवा. पोच घेतली नसेल तर नव्याने अर्ज करा. तोंडी ‘तेव्हा दिला होता’ याला काही किंमत नाही. निरीक्षक पाहणीला येतात तेव्हा घर बंद असेल तर शेरा विरुद्ध पडू शकतो, म्हणून दोघेही नोकरी करणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवावं.

२०१९ नंतर जादा भरलेली रक्कम रोख परत मिळत नाही. ती २०२३-२४ पासून चार वर्षांच्या बिलांत वळती करायची असं ठरलं आहे. जुन्या पावत्या जपा आणि प्रत्येक बिलात ती वजा झालीय का ते बघा.

वाद मिटेपर्यंत बिल मात्र थकवू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढतो, म्हणजे वर्षाला २४. सवलतीसाठी भांडताना शास्ती ओढवून घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. हक्क राखून भरतोय असं पत्र द्या आणि भरून टाका.

प्रश्न : आमच्या सोसायटीला गांडूळखत आणि पावसाच्या पाण्यासाठी मिळून १० टक्के सूट होती. ती अचानक बंद झाली.

उत्तर : गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण आणि सौर यंत्रणा यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के, असा नियम आहे. पण प्रकल्प *चालू* हवा. महापालिकेने पाहणी सुरू केल्यावर अनेक ठिकाणी खड्डा सापडला, गांडुळं नाहीत.

गांडुळं मरतात ती बहुतेक आपल्या हातून. उरलेली तेलकट भाजी, लिंबा-संत्र्याची सालं, पत्र्याच्या शेडखाली दुपारचं ऊन आणि माळ्याने नळी सोडून केलेला चिखल. ओला कचरा थेट टाकू नका. वाळक्या पानांच्या थरासोबत दोनेक आठवडे वेगळा कुजवा, त्याची उष्णता उतरू द्या, मग पिटात घाला. मूठभर खत दाबलं तर बोटांना ओल लागावी, पाणी ठिबकू नये. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलंय, आंबूस वास आला तर ओल किंवा कच्चा कचरा जास्त झालाय. पावसाच्या पाण्याचं दुखणं सरळ आहे: गच्चीवरच्या तोंडाची जाळी पानांनी बुजते आणि फिल्टरमधली वाळू वर्षानुवर्षं कोणी धुतलेली नसते. मे महिन्यात दोन्ही साफ करून तारखेचे फोटो ठेवा. दोन्ही सुरू झाल्यावर फेरपाहणीसाठी लेखी अर्ज करा.

प्रश्न : मे अखेर बिल भरलं की १० टक्के सूट मिळते म्हणतात. मला फारच कमी दिसली.

उत्तर : ती सूट पूर्ण बिलावर नसते, फक्त सर्वसाधारण करावर असते, आणि करयोग्य मूल्यानुसार, म्हणजे वर हिशोबात काढलेल्या करयोग्य रकमेनुसार, ५ किंवा १० टक्के. बिलावर त्या एका ओळीची रक्कम घ्या, हिशोब जुळेल.

प्रश्न : कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहतो, बाणेरचा भाड्याने दिलाय. दोन्हींना पीटी-३ भरावा का?

उत्तर : नाही. फक्त कोथरूडसाठी, आणि बाणेरच्या बिलाची प्रत सोबत जोडून.