कारण पुरेसं आहे ताई, तू फॉर्म भर

ताई, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी भाकरी थापतानासुद्धा तोच डोक्यात घोळत होता, म्हणून आता निवांत बसून लिहितेय, जरा लांबेल. तुझ्यापेक्षा १८ वर्षांनी मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नको.

तू लिहिलंयस की वय ३४, शिरपूरकडची, नववीतून शाळा सुटली. नोकरी करायची नाहीये, सर्टिफिकेटचं घरात कुणाला काही पडलेलं नाही, तरी रोज पोरीला शाळेच्या गेटपर्यंत सोडते तेव्हा आपणही आत जाऊन बसावं असं वाटतं. सासू आणि जेठाणी विचारतात कशाला, तेव्हा तुला काही सांगता येत नाही. आणि शेवटी विचारलंस, नुसतं जावंसं वाटतं हे कारण होऊ शकतं का.

होऊ शकतं. माझं तर याहून लहान होतं, आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, बोरीच्या काठाला. १९८६ साली मी आठवीत होते. सहामाही परीक्षा दिली, दिवाळीची सुट्टी लागली, कापूस फुटलेला, त्यात आईचं बाळंतपण, मग वडील म्हणाले आठ दिवस वावरमा चाल, मग जा शाळेत. ते आठ दिवस काही संपले नाहीत. सुट्टी संपली, भाऊ गेला, माझं दप्तर खुंटीला तसंच. आता यात वडिलांना दोष द्यायचा नाहीये मला, त्यांनी कधी हात उगारला नाही की शाळेला नावं ठेवली नाहीत, दिवसच तसे होते.

पण सहामाहीचे तपासलेले पेपर मी बघितलेच नाहीत गं. सगळे पेपर विसरले, भूगोलाचा नाही विसरले. महाराष्ट्राचा नकाशा भरायला होता, नद्या दाखवायच्या होत्या. मी तापी निळ्या पेन्सिलने काढली आणि मग मला राहवेना, तर कुणी विचारलेलं नसताना तिच्या काठाने गावं पण भरली, भुसावळ, सावळदे, प्रकाशा. पेन्सिलीला टोक नव्हतं तर दाताने लाकूड कुरतडून टोक काढलेलं. मास्तरांनी त्या गावांचे मार्क दिले असतील की आगाऊपणा म्हणून कापले असतील, हे माझ्या डोक्यात २४ वर्षं होतं. लग्न झालं, चोपड्याकडे आले, केळीच्या बागेत कामं केली, दोन पोरं झाली, आणि कधी एसटीने सावळद्याच्या पुलावरून गेले की खाली तापी बघून मला तोच पेपर आठवायचा. आता सांग, बाई तुला शाळेत का जायचंय असं कुणी विचारलं तर हे सांगणार का? भूगोलात किती पडले ते बघायचंय म्हणून?

म्हणून मी दुसरीच कारणं सांगत बसले आणि तिथे चुकले. ही चूक तू करू नको म्हणून नीट सांगते.

घरात मी सांगितलं, पोरांचा अभ्यास घेता येईल. सगळ्यांना पटलं, लगेच पटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक उघडलं की हाक यायची, आधी याचं गणित बघ. कारणच मी पोरांचं दिलेलं, मग माझ्या अभ्यासाचा तास पोरांचाच झाला ना. त्या वर्षी फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच. बायका बहुतेक हेच कारण देतात, कारण त्यात आपण स्वतःसाठी काही मागतोय असं दिसत नाही. पण पोरगी पास झाली किंवा तिला क्लास लावला की ते कारण संपतं, आणि तू तिथेच राहतेस. नोकरीचंही तसंच, अंगणवाडीला आता बारावी मागतात, मग दहावी करून काय मिळणार असं म्हणायला लोक मोकळे.

सासऱ्यांना, म्हणजे आबांना, मात्र मी एक खरं कारण दिलं आणि ते कामाला आलं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर जो रंगीत चौकोन असतो त्यावरून जहाल किती ते कळतं, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. एकदा दुकानात मी विचारलं यावर इंग्लिशमध्ये काय लिहिलंय, तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला तुम्हाला काय करायचंय, आबांना माहिती आहे. आबांना माहिती नव्हतं. घरी आल्यावर ते स्वतःच म्हणाले, शिक. ज्याला जे पटतं ते त्याला सांग, त्यात खोटं काही नाही. फक्त आपलं जे आतलं कारण आहे त्याच्याऐवजी ते धरून बसू नको, कारण रात्री १० वाजता भांडी आवरून झाल्यावर, डोळे मिटत असताना बीजगणित उघडायला लावतं ते आतलंच कारण.

आतलं म्हणजे माझं अजून काय होतं तेही सांगते. एक, बसणं. आपण घरात कधी बसतो का गं? जेवतानासुद्धा दोनदा उठतो. शाळेत घंटा होईपर्यंत तुला कुणी उठवत नाही, उलट उठलीस तर विचारतात कुठे चाललीस. दुसरं, चुकणं. घरात भाजीत मीठ जास्त पडलं तर ते चार दिवस निघतं. वहीत उत्तर चुकलं तर लाल रेघ येते आणि पुढच्या पानावर दुसरं गणित असतं. मला ती लाल रेघ पाहिजे होती.

सासू तुला म्हणते ना, आते शिकीसन काय करशी, बहिणाबाई कुठे शाळेत गेलती? मलाही हेच ऐकवलेलं, खान्देशात हे प्रत्येकीला ऐकवतात. त्याचं उत्तर देऊन टाक. बहिणाबाई आसोद्याच्या, जन्म १८८० चा, अक्षर येत नव्हतं हे खरंच आहे. पण त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी वहीत उतरवून घेतली म्हणून. १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. लिहिता येणारं कुणी घरात नसतं तर जात्यावर म्हटलेलं जात्याबरोबर गेलं असतं. असं कितीतरी बायकांचं गेलंय, आपल्याच आज्यांचं गेलंय. ते आठवलं की मला अजून त्रास होतो.

आता कामाचं. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबर फॉर्म. किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण पाहिजे, तुझी तर आठवी पास आहे, काही अडचण नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार आपण सगळे नाशिक विभागीय मंडळाखाली येतो. मी भरला तेव्हा कागदावर होता, आता मंडळाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो लागतो, मूळ दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, ते जवळच्या हायस्कूलच्या क्लार्कला विचार. ऑनलाइन भरताना जी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडशील तिथेच कागद द्यायचे आणि तोंडी, प्रात्यक्षिक तिथेच होतं, म्हणून एसटी थेट जाते अशी शाळा निवड. बायकांना अर्धं तिकीट आहेच आता. आणि एखादा विषय राहिला तर रडू नको. मी मार्च २०१० ला बसले, गणित राहिलं, ऑक्टोबरला निघालं. आता ती फेरपरीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे तुला तेवढं थांबावंही लागणार नाही.

पण तू म्हणशील यात शाळेत बसणं कुठे आलं? बरोबर आहे, संपर्क केंद्रात रोज वर्ग भरत नाही, आणि रात्रशाळा आपल्याकडे गावात कुठे? तर मी जे केलं ते करून बघ. सरळ मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हटलं, सर, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा मागच्या बाकावर बसू द्या, कुणाला त्रास देणार नाही. त्यांनी दोन मिनिटं काही बोललंच नाही, मग म्हणाले बसा. दर शनिवारी सव्वासातला मी पोरींच्या मागे बसायचे. पहिल्या दिवशी पोरी सारख्या वळून बघत होत्या, तिसऱ्या शनिवारी एकीने विचारलं काकू खोडरबर आहे का, झालं.

तिथे भूगोलाच्या बाईंनी चाचणी घेतली, नकाशा आला. तापी काढली आणि गावं भरली, मुद्दाम. वही परत आली तर ५ पैकी ४. गावांखाली लाल रेघ आणि बाजूला लिहिलेलं, विचारले तेवढेच दाखवा. मी ती वही एसटीत मांडीवर उघडी ठेवून घरी आले. मला माझं उत्तर मिळालं होतं.

एक सांगायचं राहिलं. फॉर्मसाठी दाखला काढायला मी माहेरच्या शाळेत गेले तेव्हा क्लार्कभाऊंनी जनरल रजिस्टर काढलं, जाड, कडा उंदराने खाल्लेल्या. माझं नाव सापडलं, जन्मतारीख १ जून, आमच्या वर्गात निम्म्यांची तीच, मास्तरांनी टाकलेली. पुढे प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली. आणि शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात, सतत गैरहजर. मी बराच वेळ ते बघत उभी होते. ज्या दिवसांची गैरहजेरी लागली त्यातला एक दिवस मी घरी बसले नव्हते, वावरात होते. पण रकान्यात तेवढंच मावलं.

तुझा दाखला आईच्या ट्रंकेत असेल तर आखाजीला, अक्षय तृतीयेला, माहेरी गेलीस की काढून आण, नसेल तर शाळेत जा आणि क्लार्कला रजिस्टर दाखवायला सांग, लाजू नको, तुझंच नाव आहे ते. आणि त्या कारणाच्या रकान्यात तुझं काय लिहिलंय ते मला इथे कळव.